खोटा आकडा नेमका कुठे असतो?

लिनक्सवर टर्मिनल उघडून ‘सेन्सर्स’ ही कमांड दिली की तापमान, व्होल्टेज, पंख्यांचे फेरे अशी यादी समोर येते. तीत कधी कधी एखादी ओळ बेधडक सांगते की अमुक ठिकाणचे तापमान उणे 128 अंश आहे. टेबलाखालच्या डब्यात अंटार्क्टिकालाही लाजवणारी थंडी! ‘सेन्सर खराब’ म्हणून आपण मोकळे होतो. पण खराब नेमके काय झाले? शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हा चुकते काय, यावर आपल्याकडच्या दर्शनकारांनी पिढ्यानपिढ्या वाद घातला. त्यांतले सर्वांत विक्षिप्त वाटणारे उत्तरच इथे चपखल बसते, असे माझे मत आहे. ते प्रभाकर या मीमांसकाचे. त्याच्या मते खोटे ज्ञान असे काही नसतेच. ‘हे’ डोळ्यांना दिसते, ‘चांदी’ आठवते; दोन्ही आपापल्या जागी ठीक. ती दोन वेगळी आहेत हे ध्यानात येत नाही, एवढाच घोटाळा. या मताला अख्यातिवाद म्हणतात.

आता तो उणे 128 पाहा. मदरबोर्डवरच्या देखरेख करणाऱ्या चिपला तापमानासाठी अनेक पिना असतात आणि बोर्ड बनवणारा त्या सगळ्या जोडतोच असे नाही. मोकळ्या पिनेवर जे सापडेल ते चिप मोजते आणि आठ बिटांच्या मोजपट्टीचे खालचे टोक गाठते. ड्रायव्हर तो आकडा अंशाच्या हजाराव्या भागात फाइलमध्ये ठेवतो. 62 अंश असतील तर तिथे 62000 दिसते. इथवर कोणी खोटे बोललेले नाही. ‘अमुक ठिकाणचे तापमान’ हे नाव मात्र वेगळ्याच वाटेने येते, ड्रायव्हरमधल्या तक्त्यातून किंवा कॉन्फिग फाइलमधून. व्होल्टेजचेही तेच. चिपला थोडेच व्होल्ट मोजता येतात, म्हणून 12 व्होल्टची लाइन रेझिस्टरांनी विभागून तिच्यापुढे येते. विभागणीचे प्रमाण सॉफ्टवेअरला ठाऊक नसेल, तर धडधाकट पॉवर सप्लायही मरणपंथाला लागलेला दिसतो. उपाय म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये ‘लेबल’, ‘कम्प्यूट’ किंवा ‘इग्नोर’ची एक ओळ घालतात, एकही स्क्रू ढिला करावा लागत नाही. दोष मोजण्यात असता तर नाव बदलून तो गेला नसता.

नैयायिक यावर जुनाच, पण वजनदार आक्षेप घेतील: नुसत्या न कळण्याने माणूस शिंपल्याकडे हात नेत नाही, ‘ही चांदी’ असे एकसंध ज्ञान झाल्याशिवाय कृती घडत नाही. रायझन 1700एक्स आणि 1800एक्स या प्रोसेसरांचे उदाहरण इथे उद्‌बोधक आहे. 2017मध्ये एएमडीने स्पष्ट केले, की या प्रोसेसरांचा नियंत्रणासाठीचा आकडा मुद्दाम 20 अंशांनी वाढवलेला असतो, म्हणजे वेगवेगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच धोरणाने चालवता येतात. पंखा त्या आकड्यावर धावतो आणि बरोबरच धावतो. त्याला ‘हे तापमान’ असे वाटण्याची गरजच नाही. तोच आकडा खरे तापमान समजून कोणी कूलर काढून नवी पेस्ट लावायला घेतली, तर त्या माणसापुरता नैयायिकांचा मुद्दा मी मान्य करतो. जोडणी त्याने केली, यंत्राने नाही.

थर्मिस्टर खरोखरच बिघडला तर? तेव्हाही चिप समोरचा विद्युत दाब इमानाने सांगते. त्या दाबाचे उष्णतेशी असलेले नाते तुटलेले असते. ते तुटले हे कळण्यासाठी दुसरे मापक, त्याच्यासाठी तिसरे, अशी अनवस्था येईल, ही शंका रास्त आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरसुद्धा समोरचा पृष्ठभाग किती उष्णता उत्सर्जित करतो हे गृहीत धरूनच बोलतो आणि चकचकीत हीटसिंकवर सपशेल फसतो. म्हणून ‘खरा आकडा कोणता’ असे न विचारता ‘हा आकडा कशाला दाद देतो’ असे विचारावे. सगळ्या कोअरवर भार टाकला आणि आकडा चढला, भार काढल्यावर उतरला, तर मोजपट्टी चुकीची असली तरी नाते शाबूत आहे. भाराखाली हीटसिंक हाताला चटका देत असताना आकडा 40 वरच ठाण मांडून बसला, तर लेबल बदलून भागणार नाही. तिथे मात्र स्क्रूड्रायव्हर काढावा लागेल.