तळ्याचे वकीलपत्र

परवा सकाळी निर्माल्याची पिशवी घेऊन मी मनवेलपाड्याच्या तळ्याकडे निघालो होतो. वाटेत शेजारचे वकीलसाहेब भेटले. पिशवीकडे पाहून म्हणाले, "काय मास्तर, आमच्या अशिलाच्या अंगावर कचरा टाकायला निघालात?"

"कुठलं अशील?"

"तळं!"

सकाळच्या प्रहरी वकिलाशी वाद घालू नये, हे मी जाणतो. पण प्रकार नवा होता. देवाची मूर्ती कायद्याने 'व्यक्ती' असते, ते सांगू लागले. तिच्या नावावर जमीन असते, ती दावाही लावते. फक्त अज्ञान मुलासारखा तिचा कारभार दुसरा कोणी पाहतो. मग नदीनेच काय कोणाचे घोडे मारले आहे? मार्च २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीला व्यक्ती ठरवले. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही तो मान दिला आणि मुख्य सचिव वगैरे मंडळींना पालक नेमले. तिथल्या सरकारला घाम फुटला. उद्या पुरात कोणाचे नुकसान झाले, तर भरपाई काय पालकांनी द्यायची? जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणजे गंगामाई साडेतीन महिने माणसांत होती. मग पुन्हा नुसती देवी झाली.

मला सरकारचे म्हणणे पटले. "पावसाळ्यात आमच्या तळमजल्यात पाणी शिरतं. मग मीही पाण्यावर दावा लावतो!"

"खुशाल लावा. पण आधी राहायला कोण आलं? सखल जागेत भराव टाकून तुमची बिल्डिंग उभी राहिली. पाणी आपली जुनी वहिवाट सांगतंय, एवढंच."

मी गप्प झालो. तळ्याला हक्क द्यायला माझी ना नव्हती. पण त्याचा पालक कोण? वांगानुईला दोन पालक आहेत, एक माओरी लोकांचा आणि एक सरकारचा. आमच्या तळ्याला नेमायचे तर काठावरच्या आम्हालाच नेमणार. म्हणजे आरोपीच्याच हाती वकीलपत्र! आणि देव ही व्यक्ती असेल, तर मी एका व्यक्तीचा केर दुसरीच्या अंगणात टाकायला निघालो होतो. चाळीत एवढ्यावरून डोकी फुटतात. तळे बिचारे ब्र काढत नाही, म्हणूनच आमचे धाडस.

परत फिरलो. ही म्हणाली, "काय हो, तळं आटलं का?"

"नाही. लाज वाटली."

फुले तुळशीच्या कुंडीत पुरली. प्लॅस्टिकची पिशवी मात्र अजून हातातच आहे. तिचे काय करावे, हे वकीलसाहेबांना विचारले असते. पण आता ते फी मागतील.