गालावरचा व्रण

लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि तिचा प्लेस्टेशन घरीच राहिला. दोन-तीन महिने मी त्यावरची धूळ तेवढी पुसत होते. मग एका पावसाळी रविवारी, घर फारच शांत वाटलं म्हणून, कंट्रोलर हातात घेतला आणि तिने अर्धवट सोडलेला खेळ पहिल्यापासून सुरू केला. खेळाचं नाव ‘द विचर ३’. पन्नाशीतल्या बाईचे अंगठे त्या बटणांवर कसे चालले असतील ते सांगत बसत नाही. पहिला आठवडा माझा घोडा कुंपणांवर धडकण्यातच गेला.

२०१५ साली पोलंडमध्ये तयार झालेला हा खेळ. आपण असतो गेराल्ट, पैसे घेऊन राक्षस मारणारा पांढऱ्या केसांचा माणूस. पण सगळी धावपळ चालते ती सिरीसाठी, त्याच्या मानलेल्या लेकीसाठी. ती स्वतः आपल्या हाती येते ती थोड्या थोड्या प्रसंगांपुरती. राखाडी केस, हिरवे डोळे, पाठीला तलवार आणि डाव्या गालावर लांब व्रण. क्षणात इथे, क्षणात तिथे. लेक तिच्यावर एवढी का भाळली, ते मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

खेळ संपत आला तेव्हा एक प्रसंग माझ्या वर्मी लागला. लढाईत जवळचा माणूस गमावून सिरी खचलेली असते. गेराल्टने काय करायचं? एक पर्याय असा, की तिला सांगायचं, सगळंच तुला जमायला हवं असं नाही, शांत हो. आणि दोघांनी पीत बसायचं. मी तोच निवडला. आई आणखी काय निवडणार! दुसरा पर्याय निवडला असता तर दोघं बर्फाचे गोळे एकमेकांना मारत पोरांसारखी खेळली असती. असे पाच प्रसंग खेळ मनात धरून ठेवतो. तिला एकटीला एका बैठकीला जाऊ दिलं का, तिला आणून दिल्याबद्दल तिच्या सख्ख्या बापाकडून बक्षिसाचे पैसे घेतले का, असे. शेवटी सिरी जिवंत परत येते की नाही, ते त्यावर ठरतं. माझी आली नाही. मी जुनी नोंद उघडली, मागे गेले, बर्फ खेळले आणि तिला परत आणली. फसवणूकच ती, पण खेळात चालते.

त्याच सुमारास लेकीचा फोन आला. “आई, सिरीसारखं काहीतरी वाचायला सांग ना.”

सरळ उत्तर म्हणजे सिरीच वाच. आन्द्झेय सापकोव्स्कीची विचरची पहिली कथा १९८६ साली एका पोलिश मासिकात आली. सिरी भेटते ती पुढच्या कथांमध्ये, आणि ‘ब्लड ऑफ एल्व्ज’पासूनच्या पाच कादंबऱ्या मुख्यतः तिच्याभोवती फिरतात. आधी दोन कथासंग्रह वाचायचे, मग कादंबऱ्या. हा क्रम मोडला तर गेराल्ट आणि ती पहिल्यांदा एकमेकांना सापडतात त्याची गंमत जाते. पहिल्याच कादंबरीत, पडक्या गढीत पुरुषांच्या गराड्यात तिचं तलवारीचं शिक्षण चाललंय आणि महिन्याचे ‘ते’ दिवस त्यांच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलेले नाहीत. तिथे आलेली जादूगारीण त्यांची चांगली खरडपट्टी काढते. राक्षस मारण्याच्या गोष्टीत असा प्रसंग मी पहिल्यांदाच वाचला.

आणि तो व्रण! खेळात तो तिला शोभून दिसतो. कादंबरीत पाठलाग करणाऱ्या एकाने फेकलेली पोलादी चांदणी तिचा गाल फाडून जाते. दलदलीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या विद्वानाला ती अर्धमेली सापडते. तो तिची जखम शिवतो, ताप उतरेपर्यंत बसून राहतो, आणि ती तुकड्यातुकड्याने आपली हकिगत सांगते. त्या हकिगतीत ती नुसती सोसणारी नाही. ती दरोडेखोर पोरांच्या टोळीत होती, तिने माणसं मारली, आणि मारताना तिला बरंही वाटलं. इथे मागे जायची सोय नाही. कंट्रोलर खाली ठेवून वाचणाराला काय मिळतं असं कुणी विचारलं, तर मी ही प्रकरणं पुढे करीन.

दुसरं पुस्तक रॉबिन मॅकिन्लीचं, १९८४ चं ‘द हीरो अँड द क्राउन’. राजाची मुलगी एरिन, जादूचा गुण अंगात उतरला नाही म्हणून दरबारात कुजबुजीचा विषय. ती लंगडा झालेला म्हातारा लढाऊ घोडा हाताशी धरते आणि आगीपासून वाचवणारं मलम बनवू पाहते. एका जुन्या पुस्तकात कृती आहे, प्रमाणं नाहीत. आजीच्या हातच्या मसाल्यासारखं. चुकत चुकत तिला ते जमतं. मोठा ड्रॅगन ती मारते खरी, पण त्याच्या आगीपुढे मलम अपुरं पडतं. भाजलेलं अंग, जळलेले केस आणि लांबत जाणारं आजारपण. विजयाच्या मिरवणुकीपेक्षा ही पानं मला जास्त आवडली.

उर्सुला ले ग्विनची टेनार तर मी लेकीला आग्रहानेच दिली. १९७१ च्या ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मध्ये लहानपणीच घरातून उचलून आणलेली, नाव पुसून टाकलेली पुजारीण, अंधाऱ्या भुयाराचे सगळे फाटे तिला बोटांनी पाठ. तलवार नाही, काही नाही. मग ले ग्विनने १९ वर्षांनी तिला पुन्हा हातात घेतलं. ‘तेहानू’तली टेनार एका शेतकऱ्याची विधवा आहे, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली, आणि आपल्याच माणसांनी जाळून टाकलेली एक पोर तिने सांभाळायला घेतलीय. त्या मुलीचा अर्धा चेहरा गेलेला. लोक नजर चुकवतात. टेनार तिला कामाला सोबत घेते.

खेळांतल्या नायिका सहसा इतक्या वयाला पोचत नाहीत. आपल्याकडच्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांना नावं नायिकांची, पण त्यांची उतारवयातली दुपार कुणी लिहिली नाही.

दिवाळीत लेक आली. सापकोव्स्की तिने अधाशासारखा वाचून संपवला होता, एरिनही आवडली होती. ‘तेहानू’ मात्र अर्ध्यावर ठेवलेलं.

“अगं, यात काही घडतच नाही. ती नुसती शेळ्या बघते आणि भांडी घासते.”

माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. मी विचारलं, “बर्फाचे गोळे मारलेस का तू, की प्यायला बसलीस?”

“बर्फच,” ती म्हणाली. “आणि तू?”




मी चहा ठेवायला उठले.