शिपाई आणि पहिले शील



दीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. रोज संध्याकाळी आपल्याबरोबर वंदनेला बसणारा आणि प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील ग्रहण करणारा मुलगा उद्या सैन्यभरतीला उभा राहतो. माझ्या शाळेतील कितीतरी मुलगे दहावी झाली की पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात, ती याच तयारीसाठी. आईबाप विचारतात, गुरुजी, याचे शील मोडले असे समजायचे काय?

या प्रश्नाला दोन झटपट उत्तरे मिळतात. एक म्हणतो, देशासाठी मारणे हे मारणेच नव्हे. हे उत्तर आपण मागे टाकून आलेल्या धर्माचे आहे. आत्मा मरत नाही तेव्हा मारणाऱ्याला दोष नाही, आणि रणात पडला त्याला स्वर्ग! दुसरा म्हणतो, बौद्धाने सैन्याकडे फिरकूच नये. असे म्हणणाऱ्याला आपला इतिहास ठाऊक नसावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली मोडून टाकली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. हा अभिमान रास्तच आहे. परंतु भरतीचा हक्क मिळाला म्हणून नीतीचा प्रश्न सुटला असे होत नाही. हक्क मिळवणे वेगळे आणि तो वापरताना आपल्या हातून काय घडते ते वेगळे.

तथागतांनी काय सांगितले ते पाहू. वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दिला आहे. त्याचा आशय असा की, युद्ध ही शोचनीयच गोष्ट आहे. पण शांततेचे सर्व मार्ग संपल्यावर न्यायासाठी लढणाऱ्यास दोष नाही, दोष युद्धाला कारण होणाऱ्याचा. आपले लोक हा दाखला देतात आणि तिथेच थांबतात. परंतु सिंह हा सेनापती होता. आपला मुलगा शिपाई आहे. युद्ध न्यायाचे की अन्यायाचे, हे त्याला कोण विचारणार?

त्याच्यासाठी दुसरी कथा अधिक उपयोगाची आहे. योधाजीव नावाच्या एका लढवय्याने तथागतांना विचारले, रणात लढता लढता मरणारा स्वर्गाला जातो असे आमचे जुने आचार्य सांगतात, ते खरे काय? तथागतांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा सांगितले की, ‘हे प्राणी मारले जावोत’ अशा हीन चित्ताने जो लढतो त्याची दुर्गती होते. योधाजीव रडू लागला. दुर्गतीच्या भीतीने नव्हे, तर पूर्वीच्या आचार्यांनी आपल्याला इतकी वर्षे फसवले म्हणून. मेल्यानंतरची दुर्गती आपण बाजूला ठेवू. माणसाचे चित्त जिवंतपणीच बिघडते, ते पुरेसे आहे.

चित्त बिघडू नये म्हणून सैन्य काय करते? सैन्य म्हणजे हातात बंदुका दिलेली गर्दी नव्हे. दहाएक जवानांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, आणि चार रायफल कंपन्या धरून बटालियन, जिला आपण पलटण म्हणतो. सर्वांच्या वर सरसेनापती म्हणून राष्ट्रपती, आणि युद्धाचा निर्णय संसदेला जबाब देणाऱ्या सरकारचा. एका माणसाच्या रागाने गोळी सुटू नये म्हणून ही उतरंड आहे. भरती झालेला जवान शपथ घेतो ती भारताच्या संविधानाशी निष्ठेची. कोणत्या संविधानाशी, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि हुकूम? १९५० च्या सेना कायद्याच्या ४१ व्या कलमात वरिष्ठाचा हुकूम मोडणे हा गुन्हा आहे. पण तिथे हुकुमाच्या आधी ‘कायदेशीर’ हा शब्द आहे. हा एक शब्द आपल्या मुलांना पाठ करून द्या. न्युरेंबर्गच्या खटल्यात जर्मन सेनानींनी ‘आम्ही हुकूम पाळला’ एवढेच सांगितले, आणि १९४६ साली न्यायालयाने तेवढ्यावर त्यांना सोडले नाही.

१९४९ चे जिनिव्हा करार भारताने मान्य केले आहेत आणि १९६० साली त्यांचा कायदाही केला. जखमी शत्रूवर उपचार करायचे. शस्त्र टाकलेल्यावर गोळी झाडायची नाही. कैद्याने नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख एवढेच सांगणे बंधनकारक; त्याला मारहाण करून अधिक काढायचे नाही. गावकरी, बायका, मुले, इस्पितळे यांना लक्ष्य करायचे नाही, लूट करायची नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याला पाकिस्तानी सैन्य शरण आले. सुमारे ९३ हजार माणसे आपल्या ताब्यात आली, त्यांत काही नागरिकही होते. पूर्व बंगालात भीषण हत्याकांड घडून गेले होते, सूड घ्यावा असे कुणालाही वाटले असते. तरी त्यांना छावण्यांत ठेवले, खायला दिले, आणि १९७४ पर्यंत परत पाठवले.

हे नियम नेहमी पाळले जातात असे मी म्हणत नाही. कोणत्याच देशाच्या सैन्याबद्दल तसे म्हणता येणार नाही. आणि नियम पाळून लढणाऱ्याचेही शील अखंड राहते, असे मुलाला खोटे सांगू नका. त्याच्या गोळीने मेलेला माणूस माणूसच होता. मात्र समोरच्याने हात वर केले त्या क्षणापासून पुढचे सारे या मुलाच्या हातात असते. तिथे शील पाळता येते आणि कायदाही त्याच्या बाजूला असतो.

मुलगा सुटीवर घरी येतो तेव्हा आपण काय विचारतो? ‘किती मारलेस रे?’ असे कौतुकाने विचारणारे चुलते-मामा मी ऐकले आहेत. पकडलेल्याला पाणी दिलेस काय, हे विचारणारा अजून मला भेटलेला नाही.