दहा पिल्ले आणि एक प्रश्न

मागच्या पिढीपर्यंत आपल्या नायगावात परसात खुराडे नसलेले घर विरळाच. आता वाड्या आटल्या, इमारती वाढल्या आणि अंडी दुकानातून येऊ लागली. गेल्या मे महिन्यात मुलांच्या हट्टाखातर आम्ही एक दिवसाची दहा पिल्ले घरी आणली. कोंबड्या पाळायची आमची ही पहिलीच वेळ.

सुरुवातीला सारे सोपे वाटले. खोक्यात भाताचे तूस पसरले, त्यावर वर्तमानपत्र घातले, उथळ भांड्यात पाणी ठेवले आणि वर एक बल्ब टांगला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करायची. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडते आहे, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक आहे, असे आजीने सांगितले. मानमोडीची लसही पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून दिली.

एका रात्री पाऊस आला आणि वीज गेली. कंदील घरात होता, पण उठायचा कंटाळा केला. सकाळी तीन पिल्ले मेलेली आढळली. धाकटीने विचारले, “आजी, देवाने त्यांना का नेले?”

आजी म्हणाली, “देवाने नाही नेले, बाळा. आपण कंदील लावला नाही.”

हे उत्तर आम्हांला लागले. आपल्या हलगर्जीपणाला देवाची इच्छा म्हणण्याची सवय आपल्याला किती सहज जडली आहे! कोंबडी आपली पिल्ले पंखांखाली घेते, तसे यरुशलेमच्या लेकरांना जवळ घ्यावे असे प्रभू येशूला वाटले (मत्तय २३:३७). हा दाखला आम्ही अनेकदा ऐकला होता. पण त्या पंखाची ऊब नसेल तर पिल्लू एक रात्रही काढू शकत नाही, हे त्या सकाळी कळले. जीव घरात आणला की त्याची रात्रही आपलीच असते.

उरलेली सात वाढली. मुलांनी त्यांना नावे ठेवली. दोन-तीन महिन्यांत तुरे दिसू लागले आणि कळले की तीन तलंगा आहेत, चार कोंबडे. चार कोंबडे एकत्र नांदत नाहीत. ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, पहाटे शेजाऱ्यांची झोप मोडतात. मग खरा प्रश्न उभा राहिला : ज्याला नाव दिले, त्याच्यावर सुरी चालवावी का?

“कोंबडाच तर आहे,” असे म्हणून मोकळे होता येते. “मग मांसच खाऊ नये,” असेही म्हणता येते, आणि जे मनापासून तसे जगतात त्यांचा आम्ही आदर करतो. पण आमची अडचण वेगळी होती. आम्ही दर रविवारी मिस्सेनंतर दुकानातून कोंबडी आणतोच. तो ब्रॉयलर जेमतेम सहा आठवडे जगलेला असतो. अंड्यांच्या जातीची नर पिल्ले तर अंडी देत नाहीत आणि मांसही धरत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. बाजारात रंग लावून विकली जाणारी पिल्ले बहुधा याच जातीची. खेळणे म्हणून ती घेऊ नयेत. म्हणजे ज्यांना नाव दिले त्यांच्यासाठी आम्ही रडत होतो, आणि ज्यांना नाव नव्हते त्यांचा विचारही करत नव्हतो.

ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. अन्नासाठी प्राणी वापरण्यास मुभा आहे, पण त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांचा ग्रंथही सांगतो (१२:१०). मारावे की नाही याबरोबरच तो जीव कसा जगला आणि आपण तो कोणत्या मनाने घेतला, हेही विचारावे लागते.

आम्ही एक कोंबडा ठेवला. बाकीचे तीन सणावारी कापले, जाणत्या हाताने, झटपट, दुसऱ्या कोंबड्यांसमोर नाही. मुलांना खोटे सांगितले नाही. धाकटी त्या दिवशी मांस जेवली नाही. आम्ही तिला आग्रह केला नाही. पण जेवणापूर्वीची प्रार्थना, जी एरवी आम्ही घाईघाईत उरकतो, त्या दिवशी सावकाश झाली.

शेजाऱ्यांचेही देणे असते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पक्षी अचानक मरू लागले तर ते लपवून गुपचूप पुरू नयेत किंवा विकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. खुराड्यातून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

आपल्यापैकी कुणी पिल्ले आणायचे ठरवत असाल तर जरूर आणा. थोडीच आणा. पण कोंबडे निघाले तर काय करायचे, हे पिल्ले आणण्याआधीच घरात सगळ्यांनी बसून बोला. आणि कंदील हाताशी ठेवा.