कंटाळ्याची साक्ष

"चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' सिनेमा मी मध्येच बंद केला," आत्या म्हणाली. तिची सारी नोकरी सत्र न्यायालयात लघुलेखिका म्हणून गेली. "तारखा, तहकुबी, ताटकळणं. जन्मभर हेच पाहिलं. कॅमेरा एका जागी ठेवला की झाली का कला?"

"खोटं वाटलं का तुला?"

"तंतोतंत खरं वाटलं. म्हणून तर विचारते. कंटाळवाणी गोष्ट कंटाळा येईल अशीच दाखवली, यात दिग्दर्शकाचं कसब कोणतं?"

२०१४ साली व्हेनिसला सन्मान, मग सुवर्णकमळ, हे दाखले तिला देण्यात अर्थ नव्हता. पुरस्कारांनी या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

"सरकारी वकीलबाई आठवते? शाहीर नारायण कांबळेवर खटला आहे. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात जीव दिला म्हणे. बाई कलमांवर कलमं एका सुरात वाचते. मग लोकल, मुलाची शाळा, घरचा स्वयंपाक. पुढे सहकाऱ्यांशी बोलताना सहज म्हणून जाते, तेच तेच चेहरे बघून वीट आलाय, द्यावीत वीस वर्षं आणि मोकळं व्हावं. तोवर प्रेक्षकही मनात हेच म्हणत असतो, आटपा एकदाचं. तिला वाईट ठरवायची सोय सिनेमा ठेवत नाही. माणूस तुरुंगात राहतो तो कुणाच्या द्वेषानं नव्हे, अशा घरगुती, थकलेल्या कंटाळ्यानं. हे दोन मिनिटांत सांगितलं असतं तर नुसतं कळलं असतं."

"म्हणजे मी कंटाळले तर तेच सिनेमाचं यश! या न्यायानं कुठलाही रटाळ सिनेमा सुटेल. आणि आरोपीला उठून जाता येत नाही, मला येतं. माझा कंटाळा त्याच्या शेजारी कसा बसवतोस तू?"

हा मुद्दा खरा होता. संथपणा हा काही आपोआप गुण ठरत नाही. त्या वेळात पाहण्यासारखं काय ठेवलंय, हे विचारावंच लागतं.

"म्हणून कामगाराच्या बायकोची साक्ष बघ," मी म्हटलं. "ती सपाट आवाजात सांगते, खाली उतरण्याआधी तो गटारात खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर उतरायला हरकत नाही. नाहीच आलं, तर आत विषारी वायू. हातमोजे, मुखवटा काही नाही. दारू पिऊन उतरायचा. वायूनं एक डोळा आधीच गेलेला. कॅमेरा तिच्या डोळ्यातलं पाणी शोधत नाही, संगीत नाही. आपण रडून मोकळे झालो असतो. इथे साक्ष तोलावी लागते."

"इथवर मी पोचलेच नाही." आत्या थोडा वेळ गप्प राहिली. "पण तिला कशाला हवाय हा सिनेमा? थांबणं म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायला नको."

"नकोच. ज्यांना कधी थांबावं लागलं नाही त्यांच्यासाठी आहे तो. मला यात कमीपणा वाटत नाही."

"मला वाटतो. तिच्या दुःखावर आपली समज वाढवायची." मग तिनं वेगळंच विचारलं, "साक्ष लिहून घेताना दाखवलंय? साहेब सांगतात आणि टायपिस्ट घेतो?"

"दाखवलंय."

"साक्षीदार बाई पाच मिनिटं बोलायची. अडखळायची, मागे जायची, नवऱ्याचं नाव घेताना थांबायची. साहेब त्याची दोन वाक्यं करून सांगायचे. तेवढंच माझ्या कागदावर. थांबलेलं कधी टिपता आलं नाही, त्याला रकानाच नव्हता."

"सिनेमानं तेवढंच टिपलंय, आत्या."

"साक्षीसाठी मान्य. कलमांसाठी नाही. ती निम्मी कापली असती तर त्या बाईपर्यंत माणसं शुद्धीत पोचली असती."

"कलमांच्या त्या ओझ्याशिवाय तिचा खडा इतका ऐकू आला असता?"

"आला असता. खडाच आहे तो," आत्या म्हणाली. "लाव तिथून. पण कलमं पुन्हा सुरू झाली तर मी उठणार, आत्ताच सांगते."