ऐब, पडदा आणि इलाज

आपल्या समाजात दारूविषयीची चर्चा दोन वाक्यांत संपते. दारू हराम आहे, आणि आपल्यात कुणी पीत नाही. पहिल्या वाक्याबद्दल वाद नाही. दुसरे वाक्य खरे नाही, हे बोलणाऱ्यालाही माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही. पनवेलसारख्या गावात तर ते झाकूनही राहत नाही. मुंबई-पुणे रस्ता, गोव्याचा रस्ता आणि हार्बर लाइनचे शेवटचे स्टेशन जिथे एकत्र येतात, तिथे नशेच्या वस्तू मोहल्ल्याची वेस पाहून थांबत नाहीत. दारू आहे, गांजा आहे, गोळ्या आहेत, अलीकडे एमडी आहे. आणि ज्यांच्या घरात हे शिरले आहे, त्यांच्यापुढे एक दिवस प्रश्न येतो, मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचे का?

पनवेल परिसरातही अशी निवासी केंद्रे आहेत. पण घर आणि केंद्र यांच्यामध्ये एक कागद असतो, तो म्हणजे प्रवेशअर्ज. कधीपासून घेता, रोज किती घेता, नोकरी गेली का, घरात मारहाण झाली का, याआधी कितीदा सोडली, असे प्रश्न त्यात सरळ विचारलेले असतात. खरे उत्तर लिहायचे तर जे वर्षानुवर्षे दडवले ते आपल्याच हाताने कागदावर मांडावे लागते. पुढे केंद्रात राहायला गेल्यावर तेच दहा-वीस माणसांच्या गोल बैठकीत तोंडाने सांगावे लागते. माझ्या मते आपली माणसे या ठिकाणी अडतात. पैशाची अडचण असतेच, पण त्याहून मोठी अडचण अब्रूची असते.

या संकोचाला केवळ ढोंग म्हणून हिणवणे मात्र अन्यायाचे होईल. त्यामागे एक नैतिक शिकवण आहे. दुसऱ्याचा ऐब झाकावा, जो झाकेल त्याचा ऐब अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतःचा गुनाहही चव्हाट्यावर मांडू नये, तौबा बंदा आणि खुदा यांच्यातली गोष्ट आहे, असे आपल्याला शिकवलेले असते. मग चार परक्या माणसांत बसून ‘मी दारुडा आहे’ असे म्हणणे या शिकवणीत बसते का? प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे.

आधी पडद्याआड काय चालते ते पाहू. बहुतेक घरांत पहिला इलाज म्हणजे कसम. अम्मी रडते, अब्बा कुराणशरीफवर हात ठेवायला लावतात आणि मुलगा कसम घेतो. घेताना तो खोटे बोलत नसतो. आठ दिवसांनी ती मोडते. आता पिण्याच्या गुनाहावर कसम मोडल्याचा गुनाह चढतो. तो मशिदीकडे फिरकेनासा होतो, आणि घरचे म्हणतात, पाहा, याला दीनचीही पर्वा नाही. खरे तर पर्वा असते म्हणूनच त्याला तोंड दाखवायची लाज वाटत असते.

दुसरा इलाज म्हणजे खोलीत कोंडणे. हा तर जिवाशी खेळ आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, झोप उडते, कुणाला झटके येतात, तर कुणाला दोन-तीन दिवसांनी नसलेली माणसे दिसू लागतात आणि भान हरपते. योग्य वेळी औषध मिळाले नाही तर मृत्यूही येऊ शकतो. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचे असतात. बाहेर ‘तो कामासाठी दुबईला गेलाय’ असे सांगून आत त्याला कडी लावणारे घर अब्रू वाचवत असते आणि माणूस धोक्यात घालत असते.

इथे कुणी म्हणेल, इच्छाशक्ती असेल तर सगळे होते. रमजानमध्ये महिनाभर न पिणारे आपण पाहत नाही का? पाहतो. पण त्यांतला एखादा चांदरातीलाच पुन्हा सुरू करतो, हेही पाहतो. इच्छा नव्हती असे त्याच्याबद्दल म्हणता येत नाही. रमजानमध्ये त्याच्याभोवती वेळापत्रक होते, सोबत होती, सहेरी-इफ्तारची शिस्त होती. ती उठली आणि तो एकटा पडला. निवासी केंद्र हीच शिस्त काही आठवडे उभी करते. उठण्याची वेळ ठरलेली, कामाची पाळी ठरलेली, फोन जवळ नाही, आणि शेजारच्या खाटेवर त्याच वाटेने आलेला दुसरा माणूस. महाराष्ट्रात याचे सर्वांना परिचित उदाहरण पुण्याचे ‘मुक्तांगण’. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या मदतीने १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे पुढे कार्यकर्ते झाली. त्याआधी, १९८१ साली, मुंबईत फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ उभारले. तेही एका दिवंगत डॉक्टरबाईंचे काम आणि एका धर्मगुरूचे काम म्हणून न पाहता, आपल्या मौलवींनी आणि जमातीच्या पुढाऱ्यांनी जवळून पाहण्यासारखे आहे.

आता पडद्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. बुखारीत एक प्रसंग आहे. पैगंबरांना हसवणारा अब्दुल्लाह नावाचा एक माणूस होता. तो प्यायचा आणि त्याला शिक्षाही झाली होती. पुन्हा एकदा त्याला त्याच गुनाहासाठी आणले गेले, तेव्हा कुणीतरी वैतागून त्याला शाप दिला. पैगंबरांनी शाप देणाऱ्याला अडवले आणि त्या माणसाचे अल्लाह व रसूल यांच्यावर प्रेम आहे, अशी ग्वाही दिली. तशाच दुसऱ्या प्रसंगी, आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असेही त्यांनी बजावले. यात दोन गोष्टी एकत्र आहेत. गुनाहाला गुनाहच म्हटले आहे. आणि तो पुन्हा पुन्हा करणाऱ्याला जमातीबाहेर ढकललेले नाही. त्या माणसाचे पिणे सर्वांना माहीत होते, तरी त्याची इज्जत राखली गेली.

म्हणजे पडदा कशावर टाकायचा, हा विवेक आहे. ऐब झाकण्याची शिकवण माणसाला बदनामीपासून वाचवण्यासाठी आहे, त्याला आजारात कोंडून ठेवण्यासाठी नाही. चौकात बढाई मारत गुनाह सांगणे वेगळे आणि हकिमापुढे दुखणे उघडे करणे वेगळे. केंद्रातली बैठक ही दुसऱ्या प्रकारची असते. तिथे ऐकणारेही त्याच दुखण्याचे असतात आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा तिथला नियम असतो. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोग्याला एकेकाळी घरातच लपवत किंवा गावाबाहेर हाकलत. रोग उघड बोलता येऊ लागला, औषध मिळाले, तेव्हा तो माणूस पुन्हा माणसांत आला. व्यसनाच्या बाबतीत आपण अजून लपवणे आणि हाकलणे याच दोन टोकांत आहोत.

दुसरा नैतिक प्रश्न सक्तीचा. काही जण मुलाला फिरायला नेतो म्हणून गाडीत बसवतात आणि केंद्रात सोडून येतात. हेतू चांगला असतो, पण सुरुवातच फसवणुकीने झाली तर विश्वास कशावर उभा राहणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढाने घरी जायचे म्हटले, तर त्याला सोडावे लागते. ठराविक धोका दिसला तरच तपासणीसाठी चोवीस तासांपर्यंत थांबवता येते. ज्याची अवस्था फारच बिघडली आहे, त्याच्यासाठी प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत दाखल करण्याची तरतूद आहे. मारहाण करणारे, साखळी बांधणारे किंवा घरच्यांशी संपर्कच तोडणारे केंद्र असेल, तर ते ‘कडक’ आहे म्हणून त्याचे कौतुक करू नये. अशा ठिकाणी माणूस घाबरतो, बरा होत नाही.

म्हणून अर्ज शक्यतो त्याने स्वतः भरावा. तिसऱ्या दिवशी तोच म्हणेल, मला जाऊ द्या. मग त्याचे कोणते म्हणणे खरे? मला वाटते, शुद्धीवर असताना घेतलेली नियत ही त्याची स्वतःची. तिसऱ्या दिवसाची तडफड ही आजाराची. पण ते त्याला पटवून द्यायचे असते, आणि पटवायला त्याचा स्वतःच्या हाताने लिहिलेला कागदच उपयोगी पडतो. आपल्याकडे अमलाची किंमत नियतीवर ठरते. तो अर्ज ही लिहून ठेवलेली नियत आहे. मदत मागणे म्हणजे इच्छाशक्ती संपली असे आपण समजतो. खरे तर तिचा तो सर्वांत अवघड वापर आहे.

मग जमातीचे कर्तव्य काय? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की देशात दारूच्या आहारी गेलेल्या १८० जणांपैकी जेमतेम एकाला दाखल होऊन उपचार मिळतात. बाकीच्यांत आपलेही आहेत. आपण जमातीच्या निधीतून लग्नाला, शिक्षणाला, डायलिसिसला मदत करतो. गरीब घरातल्या मुलाच्या केंद्राच्या खर्चासाठी जकात किंवा इतर निधी कसा वापरता येईल, हे आलिमांना विचारून ठरवायला काय हरकत आहे? १४४४६ हा सरकारी मोफत मदतक्रमांक मशिदीच्या फलकावर लावला तर कुणाची अब्रू जाणार आहे?

आणि तो परत आल्यावर? घसरण्याची शक्यता असतेच. ती या आजाराचा भाग आहे. पण दुकानावर त्याला कामाला ठेवायचे की नाही, लग्नात बोलवायचे की नाही, जुम्म्याला शेजारी सफमध्ये जागा द्यायची की नाही, हे आपल्या हातात आहे. कुजबुज करणारे बाजूला सरकले की त्याला पुन्हा अड्ड्यावरचे मित्रच जवळचे वाटू लागतात. त्याने आपला ऐब एकदा उघडून दाखवण्याची हिंमत केली. त्यानंतर तो झाकण्याची पाळी आपली आहे.