साखळीची लांबी

शिरूरकडे घोड नदीच्या काठानं दिवस मावळताना निघालं, की वस्तीवस्तीवरून साखळीचा आवाज येतो. दारातलं कुत्रं साखळी ताणतं, भुंकतं आणि पुन्हा खुंट्याभोवती फिरायला लागतं. आमच्या मोत्यानं फिरून फिरून जमीन अशी घोटलीय, की पावसाळ्यातही त्या गोलात गवताची काडी उगवत नाही. एकदा मी तो गोल पावलांनी मोजला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सात पावलं.

आधी निदान रात्री त्याला मोकळं सोडायचो. आता उसात बिबट्या आहे आणि त्याला कुत्रं फार आवडतं. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोल्याला विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबानं, ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे आपण राखणीला ठेवतो त्याचीच राखण करायची वेळ आलीय.

त्यात फिरवायच्या वेळेची पंचाईत. उन्हाळ्यात कुत्र्याला पहाटेच न्यायला हवं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग निववतो. आणि ऊन चढल्यावर डांबरावर पाय भाजतात. (आपला तळहात डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघावा, लगेच कळतं.) पण पहाट आणि तिन्हीसांज या बिबट्याच्याही वेळा. म्हणून चांगलं उजाडल्यावर, उसाची कड सोडून, मोकळ्या माळानं, दोरी हातात धरून आम्ही अर्धा तास जातो. त्यातला निम्मा वेळ मोत्या बांधावरची झुडपं हुंगण्यात घालवतो. पूर्वी मी दोरीला हिसका द्यायचो. आता उभा राहतो.

कारण धाकटीनं मला एक गोष्ट दाखवली. ती भाकरीचे तुकडे पोत्याखाली, तुळशीमागं, पालथ्या घमेल्याखाली लपवते आणि म्हणते, ‘शोध!’ मोत्या नाक जमिनीला लावून सारं अंगण पालथं घालतो. वीस मिनिटांत असा दमतो, की माळावरून आल्यावरही तसा दमत नाही. पावसात फिरणं होत नाही तेव्हा जुना कासरा ओढायचा खेळ चालतो. फक्त पोटभर जेवल्यावर लगेच खेळवत नाही.

दौंडला आमच्या मेव्हण्यांकडे लॅब्रेडॉर आहे. तिथं साखळी नाही, सोफा आहे. तो चहात बुडवलेली बिस्किटं खातो आणि भीमेच्या पुलाच्या वाटेवर मध्येच बसतो. दोष सगळा मेव्हण्यांचा नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांच्या एका जनुकात बदल असतो आणि त्यांची भूक सहज भागत नाही. पण बिस्किटं कोण देतं, हाही प्रश्न आहेच.

दिवाळीनंतर कोकणाकडं निघालेल्या धनगरांच्या मेंढ्या यंदा आमच्या रानात दोन रात्री बसवल्या. वाड्याबरोबर एक काळं कुत्रं होतं, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, अंगावर नावाला चरबी नाही. मी म्हातारबांना विचारलं, ‘‘हे दिवसाला किती चालतं?’’

‘‘मेंढरं चालत्यात तेवढं,’’ ते म्हणाले आणि मोत्याच्या त्या गोलाकडं बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडा हलला. मोत्या साखळीला लटकून ओरडत होता. मी साखळी काढली, दोरी बांधली आणि मेंढरांच्या धुळीमागं कॅनॉलपर्यंत त्याच्याबरोबर गेलो. परत येताना आम्हा दोघांच्याही जिभा बाहेर होत्या.